खोली घेण्यापूर्वी उजेड आणि वारा कसा तपासावा

मुंबईत गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींमध्ये दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम 3 मीटर आहे, आणि तेथे झालेल्या पाहणीत कोंदट, अंधाऱ्या घरांचा क्षयरोगाशी संबंध आढळला. रुग्णाच्या खोकल्यातून बाहेर पडणारे जंतू बंद हवेत तासन्‌तास तरंगत राहतात, वारा खेळता असेल तर ते विरतात आणि थेट उन्हात मरतात. म्हणून खोली पाहताना फरशीपेक्षा खिडकी आधी पाहावी.

खोली भर दुपारी, दिवे बंद करून पाहावी. एजंट बहुधा संध्याकाळी, ट्यूबलाइट लावून दाखवतो, त्यात काही कळत नाही. खिडकीपासून चार पावले आत उभे राहून वर्तमानपत्र वाचता येते का, ते पाहावे. त्यानंतर दार-खिडकी उघडून मधोमध उदबत्ती धरावी. धूर एका बाजूने वाहत बाहेर गेला तर वारा आरपार आहे. तो सरळ वर चढून छताखाली साचला, तर या वसाहतींमधल्यासारख्या 225 चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसांचा श्वासही तसाच साचणार.

मग खिडकीतून खाली वाकून पाहावे. हाऊस गल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा असेल, तर दुर्गंधी, डास आणि उंदीर यांपायी खालच्या मजल्यावरची माणसे खिडकी वर्षभर लावूनच घेतात, आणि नकाशावरची खिडकी नकाशावरच राहते. याला रहिवाशांच्या सवयी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण दोन इमारतींमध्ये इतकीच जागा सोडण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता.

अर्थात ही तपासणी भाडे भरून निवड करू शकणाऱ्यालाच उपयोगी पडते. पुनर्वसनात सोडतीने चावी हाती आलेल्या कुटुंबाने स्वयंपाकाच्या जागी एक्झॉस्ट पंखा बसवावा, मात्र त्याचे तोंड सामायिक पॅसेजकडे ठेवू नये, नाहीतर आपली कोंदट हवा शेजाऱ्याच्या दारात जाते. गल्लीच्या सफाईसाठी सोसायटीच्या लेटरहेडवर, छायाचित्रांसह, महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तेथे तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात.