गतीची गणितं: सूत्राआधी दिशा ठरवा

मुलुंड सोडून ठाण्याकडे येणारी लोकल ७२ किमी/तास वेगात आहे. ब्रेक एकसारखा लागला आणि गाडी २५० मीटरमध्ये थांबली. तिचं त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, किती?

आधी एकक बदला. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, म्हणजे इथे २०. मग पाच राशी एकाखाली एक मांडा: सुरुवातीचा वेग २०, अंतिम वेग ०, विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) २५०, त्वरण विचारलंय, वेळेचा उल्लेखच नाही. ज्या राशीचा उल्लेख नाही, ती नसलेलं गतीचं समीकरण उचला:

अंतिम वेग² = सुरुवातीचा वेग² + २ × त्वरण × विस्थापन

० = ४०० + ५०० × त्वरण, म्हणून त्वरण −०.८ मी/से². ऋण चिन्ह सांगतं की त्वरण गाडीच्या उलट दिशेला आहे. वेळ हवी असेल तर २० ÷ ०.८ = २५ सेकंद. त्वरण स्थिर असेल तरच ही समीकरणं चालतात, हे मात्र विसरू नका.

आता मुक्त पतन, म्हणजे फक्त गुरुत्वाच्या ओढीखालची गती. इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात, आणि तेही चिन्हापायी. घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर २० मी/से वेगाने फेकला. जमिनीवर कधी पडेल? हवेचा रोध सोडून देऊ.

पुष्कळ मुलं 'वर जाणं' आणि 'खाली येणं' असे दोन तुकडे करतात. गरज नाही. 'वर' ही दिशा धन धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मग गुरुत्व त्वरण −१० (खरं ९.८, हिशेबाला १०) आणि विस्थापन −२५, कारण चेंडू सुटला त्या जागेच्या खाली पोचतो. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, त्वरण नाही. तिथेही ते −१० च असतं.

विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²

−२५ = २० × वेळ − ५ × वेळ²

म्हणजे वेळ² − ४ × वेळ − ५ = ०. उत्तरं दोन: ५ आणि −१. चेंडू ५ सेकंदांनी पडेल, तेव्हा वेग २० − ५० = −३०, म्हणजे ३० मी/से खालच्या दिशेने.

−१ वर लगेच काट मारू नका, मला तर ते फार आवडतं. गच्चीऐवजी चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून ३० मी/से वेगाने वर फेकला असता, तरी तो बरोबर त्याच क्षणी, त्याच २० मी/से वेगाने गच्चीजवळून गेला असता. समीकरणाला गच्ची दिसतच नाही.