कानाकडं बघा : घोड्यांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

तबेल्यातल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात सावळीने माझ्या खांद्यावर डोकं घासलं. चांगलं जोर लावून, दोनतीनदा. मी हरखून गेले. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, की घोडीने मला आपलं मानलं. दुसऱ्या दिवशी तबेल्यातल्या जुन्या जाणत्या मामांना हे सांगितल्यावर त्यांनी काही न बोलता तिच्या म्होरकीचा पट्टा कानामागून जरा सरकवला. पट्ट्याखालची कातडी घामाने ओली होऊन लाल झाली होती. "खाज सुटलीय तिला ताई. घासायला कायतरी पायजे." पट्टा सैल केला, जागा पुसून कोरडी केली. घासणं थांबलं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मांजरीच्या बाजूला, मुळा-मुठेच्या काठावरच्या एका रायडिंग तबेल्यात मी काम करते. दर जूनमध्ये निकाल लागले की मुलंमुली चौकशीला येतात आणि पगाराच्याही आधी एक प्रश्न विचारतात : घोड्याला आपण आवडतो, त्याचा आपल्यावर विश्वास आहे, हे ओळखायचं कसं? प्रश्न अगदी योग्य आहे. याचं उत्तर चुकलं तर माणूस जायबंदी होतो, नाहीतर घोडा बिघडतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घोडा हे शिकार होणारं जनावर. आपल्याकडे त्याच्यासाठी 'बुजणे' हा किती नेमका शब्द आहे! त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. उरलेल्या सगळ्या दिशांवर त्याचा पहारा दिवसरात्र चालू असतो. घोड्याचा विश्वास म्हणजे हा पहारा थोडा वेळ तुमच्यावर सोपवणं. कुत्रा धावत येऊन अंगावर उड्या मारतो, ते कुणालाही दिसतं. घोडा मात्र तुम्ही शेजारी असताना मान खाली सोडतो, खालचा ओठ लोंबता ठेवतो, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून सैल उभा राहतो. नवख्याला वाटतं, घोडा काहीच करत नाहीये. जाणत्याला तिथेच सगळं कळतं.

मामा इंदापूरकडचे, धनगराच्या घरातले. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचं, आणि सगळा संसार तट्टांच्या पाठीवर : भांडी, कोंबड्या, कोकरं, लहान पोरंही. ती तट्टं म्हणजे भीमेच्या खोऱ्यातली, भीमथडी जातीची. दिसायला लहान, पण मराठ्यांच्या घोडदळाने ज्यांच्या पाठीवर मुलूख पालथा घातला, तेच हे घोडे. पाठीवर तान्हं मूल बांधायचं तर घोडा वाचता यायलाच हवा. मामांना ते सांगता यायचं नाही, करून दाखवता यायचं. शब्दांत त्यांनी मला एकच धडा दिला : "डोळ्यात बघत बसू नका. कानाकडं बघा."

घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात आणि कान जिकडे, तिकडे त्याचं लक्ष. दोन्ही कान टवकारलेले असतील तर समोर काहीतरी नवं आहे. मागे घट्ट पाडले असतील तर चार पावलं दूर व्हा, त्यानंतर दात किंवा लाथ येऊ शकते. बाजूला सैल पडलेले असतील तर गडी निवांत आहे. आणि तुम्ही खरारा करत, म्हणजे ब्रशने त्याचं अंग घासत असताना एक कान तुमच्या हालचालीबरोबर मागे-पुढे फिरत असेल, तर तो तुमची दखल घेतो आहे. सुरुवातीला एवढंच पुरे. पहिला महिनाभर मी रोज अर्धा तास कठड्याला टेकून नुसते कान पाहत बसायचे. नव्या मुलांना हेच करायला सांगते, तर त्यांना वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. जात नाही.

सावळी शर्यतीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आली होती, मधे एका ठिकाणी थांबून. त्या मधल्या ठिकाणी इंजेक्शन देताना तिचा कान पिळून धरत असावेत, कारण कानाजवळ हात गेला की ती मान झटकून छताला डोकं लावायची. लगाम चढवायचा तर कानांवरून पट्टा घ्यावाच लागतो. मामांनी मला काम नेमून दिलं : मानेवर हात ठेवायचा, बोटभर वर सरकवायचा, आणि ती मान झटकायच्या *आत* काढून घ्यायचा. मर्म त्या 'आत' शब्दात आहे. तिने झटकल्यावर हात काढला तर ती झटकायला शिकते. आधीच काढला, तर हा हात आपलं ऐकतो, हे शिकते. बोटभर पुढे जायला कधी दोन दिवस लागायचे, कधी आठवडा, कधी आपण मागेच जायचो. चौथ्या महिन्यात एका सकाळी हात कानाच्या बुडाशी पोचला. तिथली लव मऊ, किंचित दमट आणि आश्चर्य वाटावं इतकी गरम होती. तिने डोकं माझ्या छातीच्या उंचीवर आणलं आणि तसंच ठेवलं. चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराने आपली दुखरी जागा तुमच्या हातात देणं काय असतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

खराऱ्याबद्दलही थोडं. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, तेही सगळ्यांना नव्हे, आपल्या सोबत्यांनाच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात कामार्ग जातीच्या घोड्यांना नेमक्या याच जागी खाजवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही. म्हणून घोड्याच्या मानेवर फटाफट थापा मारून शाबासकी देऊ नका. कुठलाही घोडा दुसऱ्या घोड्याला थापा मारत नाही. त्या उंचवट्यावर बोटांनी खसाखसा खाजवा. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की जागा सापडली. कधी तो वळून तुमच्या पाठीला दात लावायला येईल. ती परतफेड आहे, त्याला मारू नका. आपली कातडी पातळ असते, एवढंच लक्षात ठेवून हलक्या हाताने तोंड बाजूला करा.

गूळ आणि गाजर यांनी मात्र फसू नका. चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या बादलीचा आवाज आला की सगळा तबेला हुंहुंहुं करून बोलावतो. तो मंद आवाज हातात काहीही नसताना, नुसत्या तुमच्या पावलांनी आला, तर त्याला मोल आहे. हातातून सारखा गूळ भरवलात तर घोडा खिसे हुंगायला आणि पुढे चावायला शिकतो. खाऊ द्यायचा तर बादलीत द्या.

याहून मोठी फसगत शांतपणाची असते. पुण्यात लग्नसराईत वरातीचे घोडे पाहा. बँड, फटाके, डोळ्यांवर दिव्यांचा झगमगाट, आणि घोडा हूं की चूं न करता उभा. लोक म्हणतात, किती शांत आहे! मी जवळ जाऊन पाहते. पुष्कळदा डोळ्याच्या वरची कातडी त्रिकोणी ताणलेली असते, नाकपुड्या आवळलेल्या, जबडा घट्ट, कान मागे ताठ. २०१४ साली घोड्यांच्या वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याची जी मोजपट्टी तयार झाली, तिच्यात याच खुणा आहेत. तो घोडा निवांत नसतो. विरोध करून उपयोग नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं. सगळे घोडेवाले वाईट वागवतात असं मी म्हणत नाही, जिवापाड जपणारेही पाहिले आहेत. पण 'शांत' आणि 'निवांत' यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने घोड्यावर मांड टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, तुमचा चेहरा त्याला कळतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहताना घोडे डावा डोळा जास्त वापरत, आणि ठोकेही लवकर वाढत. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं, की फोटोत रागावलेला दिसलेला माणूस नंतर साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडे सावधच राहतात. हडपसरच्या गाडीतळावरच्या कोंडीतून चिडून आलात तर थेट घोड्याकडे जाऊ नका. आधी दहा मिनिटं लीद उचला, पाणी भरा.

कामाचं म्हणाल तर सुरुवात पहाटे साडेपाचला आणि पगार बेताचा. धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय तबेल्यात पाऊल टाकू नका. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातात. जवळ जाताना खांद्याच्या रोखाने, बोलत जा. शिकायचं असेल तर रेसकोर्सवर पावसाळी हंगामात पहाटेचा सराव चालतो, हे पुण्याचं भाग्यच. जनावरांचं डॉक्टर व्हायचं तर बारावी विज्ञान, 'नीट' ही प्रवेश परीक्षा, आणि साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी. शिरवळचं महाविद्यालय इथून जवळ आहे. नालबंदीकडे मुलं वळत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. दर पाचसहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याला नालबंद लागतो, आणि हात बसलेला नालबंद मिळणं मुश्किल.

दोन प्रसंग सांगायचे राहिले. घोडा उभ्या उभ्या पायांचे सांधे अडकवून डुलकी काढतो, पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं पडल्याशिवाय मिळत नाही. आडवा घोडा पळू शकत नाही, म्हणून कुणी आलं की तो आधी उठतो. सावळी दीड वर्ष उठत राहिली. मग एका दुपारी मी पाणी ठेवायला आत गेले तर ती भुश्यावर लवंडलेली होती. एक कान माझ्याकडे वळला, परत फिरला. ती उठली नाही. मी बादली टेकवून दबक्या पावलांनी बाहेर आले, मामांना खुणेने बोलावलं. दोघंही बराच वेळ दाराशी उभे होतो.

दुसरा प्रसंग ढोलाचा. जुलैत शेजारच्या मोकळ्या जागेत एका पथकाचा सराव सुरू झाला. अंकलीहून आळंदीला चालत येणारे शितोळे सरकारांचे अश्व लाखोंच्या गजरात रिंगण धावतात, तेव्हा त्यांच्यामागे सवय असते, ओळखीची माणसं असतात. सावळीला ढोल नवा होता. मी तिला पावसानंतर दोराने फिरवत होते आणि पहिली थाप पडली. तिची मान लाकडासारखी ताठ झाली, नाकपुड्या फुलल्या. माझा हात दोर आवळायला गेला. मी तो सैल सोडला, श्वास बाहेर टाकला, जागेवर उभी राहिले. दोन्ही कान ढोलाकडे होते. मग एक कान सावकाश माझ्याकडे वळला आणि तिथेच थांबला. मी हळू आवाजात काहीबाही बोलत राहिले. तिने लांब फुरफुर केली, मान खाली घातली आणि ओलं गवत तोडायला लागली. ढोल चालूच होता.