दोन अक्षांश-रेखांशांमधलं अंतर आणि दिशा कोडमध्ये कशी काढायची

सगळ्यात आधी कोन अंशांतून रेडियनमध्ये आणा (अंश × π/१८०). हे पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण यापायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे. साइन-कॉसला अंश कळत नाहीत. १८ दिलेत तर ते १८ रेडियन समजतात. एरर येत नाही, उत्तर तेवढं चुकतं.

अ१, अ२ हे अक्षांश. फअ आणि फर हे अक्षांश-रेखांशांतले फरक (दुसरा वजा पहिला). अंतरासाठी हॅव्हरसाइन सूत्र (एटॅन२ म्हणजे दोन संख्यांवरून कोन काढणारं atan2 फंक्शन):

क = साइन(फअ/२)² + कॉस(अ१) × कॉस(अ२) × साइन(फर/२)²
अंतर = २ × ६३७१ × एटॅन२(√क, √(१−क))

६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किलोमीटरमध्ये. आर्ककॉसचं एक छोटं सूत्रही मिळेल, पण दोन बिंदू अगदी जवळ असले की त्यात अचूकता हरवते. मी ते वापरत नाही. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे हॅव्हरसाइनमध्ये साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहते. जमीन मोजायची असेल तर लंबगोल धरणारी लायब्ररीच घ्या.

आता दिशा. खरी गंमत इथे आहे.

य = साइन(फर) × कॉस(अ२)
क्ष = कॉस(अ१) × साइन(अ२) − साइन(अ१) × कॉस(अ२) × कॉस(फर)
दिशा = एटॅन२(य, क्ष)

एटॅन२मध्ये य आधी. उत्तर अंशांत आणा, ३६० मिळवा आणि ३६० ने भागून बाकी घ्या. ३६० मिळवणं गाळू नका: पायथॉनमध्ये ऋण संख्येची बाकी धन येते, जावास्क्रिप्टमध्ये ऋणच राहते. उत्तर दिशा ०, पूर्व ९०.

तपासायला (०, ०) ते (०, १) घ्या: १११.२ किमी, दिशा ९०. मग (६०, ०) ते (६०, ९०) घ्या. दोन्ही बिंदू एकाच अक्षांशावर, म्हणजे दिशा ९० हवी असं वाटतं. येते ४९.१! मीही आधी कोडमध्येच चूक शोधत बसलो होतो. पण सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळसा घेते: ती सुमारे ४६०५ किमी, तर अक्षांश धरून गेलात तर ५००४. शिवाय वाटेत दिशा बदलत राहते आणि पोहोचताना १३०.९ होते. ही शेवटची दिशा हवी असेल तर दुसऱ्या बिंदूपासून पहिल्याची दिशा काढा, त्यात १८० मिळवा आणि पुन्हा ३६० ची बाकी घ्या.

म्हणून स्क्रीनवर बाण दाखवत असाल तर दिशा एकदाच काढून ठेवू नका. प्रत्येक नव्या जागेवरून ती पुन्हा काढा.