मासिकाच्या लघुकथा स्पर्धेत कथा पाठवताना

शब्दमर्यादा पाचशेची, कथा साडेसातशेची. कथेवर नाव नको असं स्पष्ट लिहिलेलं, तरी शेवटी नाव, गाव, मोबाइल नंबर आणि ‘अभिप्राय जरूर कळवा’. अशी कथा परीक्षकाच्या हातात पडतच नाही, संपादकाच्या टेबलावरच बाजूला निघते. लिहिणाऱ्याला मात्र वाटत राहतं की कथा आवडली नाही. म्हणून सुरुवात कथेपासून नाही, नियमावलीपासून करायची.

त्याआधी वेळेचं गणित. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढे मराठी मासिकांचं वर्ष दिवाळीभोवतीच फिरत राहिलं. विजेत्या कथा दिवाळी अंकात छापायच्या तर त्या पावसाळ्यातच मागवाव्या लागतात, त्यामुळे पुष्कळ मुदती जून ते ऑगस्टमध्ये येतात. खानदेशात हे दिवस कपाशीच्या लागवडीचे, निंदणीचे, आणि श्रावणात कानबाईच्या उत्सवाचे. मुदतीच्या आठवड्यात बसून लिहू म्हणणाऱ्यांचं लिहिणं राहूनच जातं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला कच्चा खर्डा हाताशी असावा.

नियमावली

स्पर्धेची जाहिरात बहुतेकांकडे व्हॉट्सअॅपवर फिरत येते. त्यात तारीख असते, साल नसतं. गेल्या वर्षीचं पोस्टर यंदाही फिरत असतं. तेव्हा मासिकाचा छापील अंक पाहून किंवा त्यातल्या नंबरवर फोन करून स्पर्धा यंदाचीच आहे ना, एवढं आधी पक्कं करा.

मग पेन घेऊन नियम वाचा. शब्दमर्यादेत शीर्षक धरलं आहे का? ‘पाचशे शब्दांपर्यंत’ आणि ‘शतशब्दकथा’ यांत मोठा फरक आहे. पहिलीत चारशे सत्तर चालतात, दुसरीत नेमके शंभरच लागतात, नव्याण्णवही नाहीत. मुदत ‘पाठवण्याची’ आहे की ‘पोहोचण्याची’? एका स्पर्धकाने किती कथा पाठवायच्या? हस्तलिखित चालतं का?

‘अप्रकाशित’ या अटीवर फार जण अडकतात. फेसबुकवर टाकलेली, प्रतिलिपीवर चढवलेली, गावाच्या ग्रुपवर पाठवलेली कथा बहुतेक आयोजक प्रकाशितच धरतात. नंतर पोस्ट काढून टाकली तरी कोणाच्या तरी फोनमध्ये ती राहतेच. मित्राचं मत हवं असेल तर छापलेला कागद त्याच्या हातात द्या.

प्रवेश शुल्क असलं म्हणजे स्पर्धा खोटी, असं नाही. संशय घ्यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा: भाग घेणारा प्रत्येक जण ‘निवडला’ जातो, आणि मग प्रातिनिधिक संग्रहाच्या पाच प्रती विकत घ्या असा निरोप येतो. ती स्पर्धा नव्हे, पुस्तकविक्री आहे. घ्यायची तर जाणूनबुजून घ्या.

हक्कांचं कलमही बघा. ‘अंकात छापण्याचा हक्क मासिकाकडे राहील’ हे रास्त आहे. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असेल तर थांबून विचार करा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणून प्रवेशपत्रावर सही करण्याआधी त्याची मागची बाजूही वाचायची.

मागचे अंक

त्या मासिकाचे मागचे दोन-तीन दिवाळी अंक चाळा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय किंवा धुळ्याचं गरुड वाचनालय जवळ असेल तर तिथे विचारा. तालुक्याच्या वाचनालयातही जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले असतात. विजेत्या कथांची नक्कल करायची नाही. त्या मासिकाला संवाद किती चालतात, शेवट उघडा सोडलेला चालतो का, बोलीतलं लिखाण छापतात का, एवढं टिपून घ्यायचं.

काय मावतं, काय मावत नाही

पाचशे शब्दांत एक जागा, दोन-तीन माणसं आणि एक बदल मावतो. तीन पिढ्यांची भाऊबंदकी मावत नाही. वाटणीच्या दिवशी मांडे भाजायचं मातीचं खापर कोणत्या सुनेकडे जाणार, हे मावतं. शंभर शब्दांत तर एकच क्षण. त्यात माणसांना नावं दिली तरी ती वाचणाऱ्याला लक्षात ठेवावी लागतात, म्हणून दोनापेक्षा जास्त नकोत.

काही विषय इतके येतात की वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच शेवट कळतो: वृद्धाश्रमातली आई, अखेरीस स्वप्न निघणारा प्रसंग, शेतकऱ्याच्या खिशातली चिठ्ठी. हे विषय वर्ज्य नाहीत. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने कर्जावर लिहू नये असं कोण म्हणेल? पण परीक्षकाने न पाहिलेलं काहीतरी त्यात हवं. सोसायटीच्या नव्या-जुन्याचा दिवस, म्हणजे नवं कर्ज मिळावं म्हणून जुनं भरायला दोन दिवसांसाठी हातउसने घेतलेले पैसे आणि ते घेऊन रांगेत उभा असलेला माणूस, यात चिठ्ठीपेक्षा कितीतरी जास्त कथा आहे.

पहिला खर्डा मोकळेपणाने लिहा. पाचशेच्या कथेचा खर्डा सातशेपर्यंत गेला तरी हरकत नाही. हजारावर गेला तर कापत बसू नका. तो विषयच मोठा आहे, त्यातला एक प्रसंग उचला आणि नव्याने लिहा.

कापाकापी

खर्डा आठ-दहा दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे खूण करा. आता एक नमुना पाहू:

“भल्या पहाटेची वेळ होती. सगळीकडे दाट धुकं पसरलं होतं. रामभाऊ नावाचा एक गरीब शेतकरी आपल्या कापसाच्या ट्रॅक्टरजवळ उदास बसला होता. गेल्या वर्षीही भाव असाच पडला होता, हे आठवून त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं.”

हे चौतीस शब्द झाले. यात धुकं कथेच्या काही कामाचं नाही. ‘गरीब’ आणि ‘उदास’ हे निकाल आहेत, ते वाचणाऱ्याने लावायचे. काहूर तर प्रत्येक तिसऱ्या कथेत माजलेलं असतं. आता हेच असं:

“जिनिंगच्या फाटकाबाहेर रामभाऊंच्या ट्रॅक्टरपुढे सतरा गाड्या होत्या. फळ्यावर कालचा भाव पुसून नवा लिहीत होते. रामभाऊंनी तिकडे पाठ केली.”

अठरा शब्द. भाव पडल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, पण फळ्याकडे पाठ केलेला माणूस दिसतो. वाचवलेले सोळा शब्द पुढच्या संवादाला कामी येतील.

कापताना आधी सुरुवातीचा परिच्छेद झाकून कथा वाचून पाहा. पुष्कळदा ती दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होते आणि पहिला बिनधास्त उडवता येतो. मग शेवटचं वाक्य झाका. तात्पर्य सांगणारं वाक्य असेल तर ते गेल्याने कथा सुधारते. ‘अचानक’, ‘खरोखर’, ‘जणू काही’, ‘एक प्रकारचा’ हे त्यानंतर. शीर्षकात शेवट फोडू नका; ‘पश्चात्ताप’ असं नाव दिल्यावर वाचायला उरतं काय?

बोलीतले संवाद

खानदेशातल्या लेखकाची ही जमेची बाजू, आणि घसरण्याची जागाही हीच. साक्री-शिंदखेड्याकडचा अहिराणी बोलणारा माणूस ‘काय करी राहिना भो?’ म्हणेल. हेच ‘राहिना’ किंवा अहिराणीतलं ‘शे’ (आहे) रावेर-यावलकडच्या लेवा पाटीदार म्हातारीच्या तोंडी घातलं तर जाणकाराला लगेच खटकतं, कारण तिची लेवा गणबोली वेगळी. आसोद्याच्या बहिणाबाईंची भाषाही लेवा गणबोली. तिला सरसकट अहिराणी म्हणून टाकतात, ते चूक. नंदुरबारच्या डोंगराळ भागातलं पात्र असेल तर भिली-पावरीचा प्रश्न येतो. ती बोली येत नसेल तर संवाद साध्या मराठीत ठेवावेत. अर्धवट नक्कल त्या माणसाची थट्टा केल्यासारखी दिसते.

परीक्षक पुण्याचा किंवा कोल्हापूरचा असू शकतो. म्हणून निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली संवादांत ठेवलेली बरी. अनोळखी शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. शब्द खर्ची पडतात आणि वाचणारा थबकतो. अर्थ कृतीतून द्या: “बठ्ठा कापूस वला व्हई गया,” म्हणत त्याने ताडपत्री ओढली. इथे ‘बठ्ठा’ म्हणजे काय हे कोणी विचारणार नाही. एकदा ‘मन्हा’ लिहिलं की पुढे ‘मना’, ‘माझा’ असं बदलत जाऊ नका.

शुद्धलेखन आणि शब्दमोजणी

साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, असे अठरा आहेत. ते सगळे पाठ नसले तरी चालेल, पण ठरावीक चुका टाळाच: ‘आणी’, उभयान्वयी ‘की’च्या जागी ‘कि’, ‘कवि’. निवेदनात एका ओळीत ‘केले’ आणि पुढच्या ओळीत ‘केलं’ ही सरमिसळ तर फारच दिसते. दोन्ही रूपं चालतात, एक धरून ठेवा.

‘घरा समोर’, ‘त्याच्या साठी’, ‘शेता कडे’ असं तोडून लिहिणं मोबाइलमुळे वाढलं आहे. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं. चूक टळते आणि शब्दही वाचतो, कारण संगणक दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल त्याला शब्द समजतो. वर्डमध्ये सुटी ठेवलेली आडवी रेघसुद्धा एक शब्द म्हणून मोजली जाते. शतशब्दकथेत यानेच घात होतो. तिथे संगणकावर न विसंबता कागदावर दहा ओळींत दहा-दहा शब्द मांडून हाताने मोजा.

टाइप युनिकोडमध्येच करा. मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कळफलक पुरतो. डीटीपीवाल्याकडून करून घेत असाल तर त्याला आधीच बजावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल तर नुसती चिन्हं होऊन उघडते. बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हं आणि अवतरणं तपासा. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ यांतला ऱ्या फाँट बदलताना हमखास तुटतो, तो वेगळा शोधून पाहा. अक्षर १४ चं, ओळींत दीडपट अंतर, पानांना क्रमांक.

हस्तलिखित असेल तर फुलस्केप, पाठकोरे, दोन्हीकडे समास. ओळीत आठ शब्द आणि पानावर पंचवीस ओळी धरल्या तर पाचशे शब्दांना अडीच पानं लागतात. पाठवण्याआधी प्रत काढून ठेवा, हस्तलिखितं सहसा परत येत नाहीत.

पाठवणं

नाव, पत्ता, फोन, कथेचं शीर्षक आणि शब्दसंख्या वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या फाइलीत. कथेच्या पानावर फक्त शीर्षक. ईमेलने पाठवताना फाइलीच्या नावातही आपलं नाव राहून जातं, ते बदला. सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे:

“स.न.वि.वि. आपल्या लघुकथा स्पर्धेसाठी ‘…’ ही कथा पाठवत आहे. शब्दसंख्या ४८६. कथा स्वरचित व अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेली नाही. प्रवेश शुल्काचा तपशील सोबत आहे.”

स्वतःचा जीवनप्रवास, मिळालेले पुरस्कार, कथेमागची प्रेरणा यांतलं काही नको.

शुल्क यूपीआयने भरलं तर शेऱ्यात आपलं नाव लिहा आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक पत्रात नोंदवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून हिशेब जुळवताना आयोजकांचा गोंधळ होतो. व्हॉट्सअॅपवर कथा मागवली असेल तर पानाचा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवा. टपालाने जायचं तर स्पीड पोस्ट करा, मुदतीच्या किमान आठ दिवस आधी, पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यावर स्पर्धेचं नाव घालून. पावतीवरचा तेरा अक्षरी क्रमांक टाकला की पाकीट कुठे आहे ते समजतं, म्हणून निकालापर्यंत पावती जपा.

पाठवल्यानंतर

दोन दिवसांनी चूक सापडली म्हणून दुरुस्त प्रत पाठवू नका. दोन प्रती गेल्या की कोणती धरायची हा प्रश्न उभा राहतो, आणि काही ठिकाणी दोन्ही बाद होतात. निकालाची तारीख उलटून पंधरा दिवस झाले तर एकदा विचारायला हरकत नाही. बक्षिसासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो. ओटीपी मागणारा किंवा ‘आधी प्रक्रिया शुल्क भरा’ म्हणणारा फोन आला तर तो मासिकाचा नव्हे, ठेवून द्या.

वहीत एक पान आखा: कथा, मासिक, पाठवल्याची तारीख, निकालाची तारीख. एकच कथा दोन स्पर्धांत अडकू नये म्हणून ही नोंद लागतेच. निकालात नाव नसलं तर कथा दुसरीकडे पाठवायला मोकळी आहे. मात्र आधीच्या स्पर्धेने दिलेल्या विषयासाठी ओढूनताणून घातलेली वाक्यं काढून टाका, नव्या शब्दमर्यादेत पुन्हा मोजा आणि मगच पाठवा.