हरणासाठी रायफल घ्यायची तर: विस्कॉन्सिनातल्या भाच्यासाठी भुसावळहून

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडं अमेरिकेत दुपार. पोऱ्या बंदुकीच्या दुकानात काउंटरपाशी उभा आणि मला म्हणतो, मामा, हा सेल्समन म्हणतोय थ्री-थर्टी-एट मॅग्नम घे, हरीण काय अस्वल पण आडवं होईल, घेऊ का? मी म्हटलं आधी दुकानाच्या बाहेर ये, कॉफी घे, मग बोलू. नऊ वर्षं मी त्याच भागात नोकरी केली, त्यातल्या सहा वर्षी नोव्हेंबर महिना शिकारीसाठी जंगलात काढला, आणि आपल्याकडची तिकडं गेलेली पोरं दरवर्षी हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पण आधी एक सांगतो, हे इकडच्यासाठी नाहीये भो. यावल, पाल, तोरणमाळ कुठंही चितळ, सांबर, भेकर मारलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ आत. आजोबांच्या शिकारीच्या गप्पा शेव-भाजीबरोबर ऐकायला छान, तेवढंच. तिकडं मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा सीझन असतो, टॅग म्हंजे हरणामागं परवाना असतो, सरकारच ठरवून मारू देतं.

तिकडंही दुकानात जाण्याआधी कागद बघायचे. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याची मुळात मनाईच आहे, त्यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स, आणि लायसन्सची तारीख गेली की सूटही गेली. मित्राची रायफल रेंजवर, म्हंजे नेमबाजीच्या मैदानावर, पाच मिनिटं हातात घेतली तरी कायद्याच्या भाषेत ती तुमच्या ताब्यातच धरतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तरी शंका असली तर वकिलाला विचारा, मामाला नको. आणि विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्सच नाही. भाच्याने कोर्स उन्हाळ्यातच उरकला होता, म्हणून तर काउंटरपर्यंत पोचला.

आता सेल्समनची थ्री-थर्टी-एट, म्हंजे .३३८ इंची, ही मिडियम बोअर. बोअर म्हंजे नळीच्या आतली रुंदी, पण मिडियम बोअर म्हणजे काय. दहा जणांना विचारा, बारा उत्तरं मिळतील. अमेरिकेत जुने लोक साधारण .३३ ते .३७५ इंचाला मिडियम म्हणतात, दुकानात .३० वाल्यालाही तेच नाव चिकटवतात. आपल्याकडं पाटलाच्या वाड्यात खुंटीला असायची ती ३१५ (म्हंजे .३१५ इंची), इशापूरच्या कारखान्यातली, ती म्हंजे आपली मिडियम बोअर समजा. पण मारायचंय काय ते बघा ना. पांढऱ्या शेपटीचा मोठा नर साधारण ७० ते ९० किलोचा, म्हंजे आपल्या चितळाएवढा, सांबराएवढा नाही. त्याला .३३८ विंचेस्टर मॅग्नम म्हंजे उंदरासाठी बुलडोझर. ते काडतूस १९५८ चं, एल्क (तिकडचं अवाढव्य हरीण) आणि मोठ्या अस्वलांसाठी काढलेलं.

काडतुसांच्या नावाचा घोळ मला लहानपणीच सुटला होता कारण आम्ही वरणगावच्या फॅक्टरी कॉलनीतले. वडील ऑर्डनन्समध्ये, दारूगोळ्याचंच काम. घरी काही आणायचा प्रश्नच नव्हता, गेटवर झडती, पण समजावून सांगायचे: पितळी केस, बुडाला ठिणगी पाडणारी कॅप, आत दारू, तोंडात गोळी. केसच्या मानेला आच देतात म्हणून तिथं जांभळट-निळी झाक राहते, ती झाक दिसली की मान मऊ आहे, तडकणार नाही. नंतर अमेरिकेत एका रेंजवर मिलिटरी पितळ वेचताना तीच झाक दिसली आणि वडिलांची आठवण आली.

तर .३०८ विंचेस्टर, १९५२ चं, हे एक आईबाप काडतूस धरा. त्याचीच मान आवळली की .२४३, जरा कमी आवळली की ७ एमएम-०८. मान फुगवली की .३३८ फेडरल, आणखी फुगवली की .३५८ विंचेस्टर. पाचही भावंडं एकाच लांबीच्या छोट्या अ‍ॅक्शनमध्ये, म्हंजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या यंत्रणेत, बसतात. बाकी केस तीच, मागची दारू जवळपास तेवढीच, फरक फक्त गोळी किती जाड आणि किती जड. .३०-०६ हे १९०६ चं, थोडं लांब केस, थोडा जास्त जोर. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली भिंत बघून घाबरायला होत नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये लिहितात आणि लोक तिथं अडखळतात. जळगावकराला हे सोपं आहे, सराफ बाजारातला जुना तोळा, ११.६६ ग्रॅमवाला, तो बरोब्बर १८० ग्रेनचा. म्हंजे .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी एक तोळा, .३०८ ची १५० ग्रेनची गोळी दहा मासे. हरणाला दहा मासे भरपूर झाले.

आता मुख्य गोष्ट, धक्का, म्हंजे गोळी सुटताना रायफल मागं खांद्याला मारते तो. याच्यावर मी जास्त लिहिणार कारण माझी स्वतःची यात फजिती झालीय. दुसऱ्या वर्षी मी हौसेनं जाड गोळीची .३५ व्हेलन घेतली, ती पण हलकी रायफल, कारण डोंगरात वाहायला बरी पडेल म्हणून. डोंगर कुठला तिकडं, सगळा मक्याचा सपाट मुलूख. पहिल्याच सीझनला साठ पावलांवरचं उभं हरीण चुकवलं. दुसऱ्या आठवड्यात परत चुकवलं. मी स्कोपला, म्हंजे रायफलवरच्या दुर्बिणीला, शिव्या घातल्या, काडतुसांना घातल्या. मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, तू मागं फिर, मी भरून देतो. त्याने मला न सांगता मधेच डमी, म्हंजे न उडणारं खोटं काडतूस, भरली. मी ट्रिगर दाबला, नुसतं टक झालं, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. डोळे मिटलेले, खांदा पुढं ढकललेला. सुतळी बॉम्बला वात लावताना आपण तोंड कसं वाकडं करतो, तस्संच. म्हाताऱ्यानं एक अक्षर बोलला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं.

म्हणून आकडे सांगतो, आठ पाउंडाच्या रायफलला साधारण: .२४३ चा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड (हे धक्क्याचं माप), ७ एमएम-०८ चा तेराच्या आसपास, .३०८ चा सोळा-सतरा, .३०-०६ चा वीस, आणि सेल्समनवाल्या .३३८ मॅग्नमचा तीसच्या वर. नवीन माणसाला पंधरा-सोळाच्या पुढं गेलं की शरीर आपोआप चोरी करायला लागतं, तुमची इच्छा असो नसो. रायफल हलकी केली की तोच धक्का आणखी वाढतो, दुकानात कुणी हे सांगत नाही कारण हलकी रायफल हातात घेतली की भारी वाटते. मी ती व्हेलन विकली, ७ एमएम-०८ घेतली, आणि पुढच्या चार सीझनला फ्रीजर भरला.

धक्क्याइतकंच माप महत्त्वाचं. तिकडच्या रायफली सहा फुटी माणसाला धरून बनवतात, दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) ट्रिगरपासून साडेतेरा इंचाच्या आसपास. आपण बहुतेक साडेपाच फूट. त्यात नोव्हेंबर, उणे दहा, अंगात थर्मल, स्वेटर, वरून केशरी जाड जॅकेट, म्हंजे दस्ता आणखी एक इंच लांब झाला. टी-शर्टवर दुकानात छान बसलेली रायफल जंगलात काखेत अडकते. म्हणून दुकानात जाताना ते जॅकेट पिशवीत घेऊन जा, लोक हसू देत. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल दस्त्यावर ठेव, डोळे उघड. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल दिसलं तर माप बरोबर, कडेला काळी चंद्रकोर दिसली तर डोकं पुढंमागं करावं लागतंय, म्हंजे दस्ता चुकीचा. काही कंपन्या कॉम्पॅक्ट किंवा यूथ म्हणून छोट्या दस्त्याची देतात, त्यात लाज वाटायचं कारण नाही. वजन स्कोपसकट साडेसात-आठ पाउंड ठेव.

मग मिडियम बोअर घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण जागा बघून. केळीच्या बागेत उभं राहिलं की किती दिसतं? तीस-चाळीस पावलं, पुढं नुसती पानं. आणि हरभरा निघाल्यावर त्याच शिवारात नजर पार नदीपर्यंत जाते. तिकडंही उत्तरेकडं असंच दाट जंगल आहे, सगळे शॉट शंभर यार्डाच्या आत. तिथं .३५ रेमिंग्टन किंवा .३५८ विंचेस्टर खरंच कामाचं, जाड जड गोळी, २०० ग्रेन, वेग कमी पण मोठं भोक आणि रक्ताची वाट दिसते, दाट झाडीत हरीण शोधायला तीच लागते. फांदी कापून गोळी सरळ जाते असं म्हणतात ते मात्र खोटं, कुठलीच गोळी जात नाही, फांदी असेल तर थांबायचं. .३५ रेमिंग्टनची मर्यादा साधारण दीडशे यार्ड, .३५८ ची दोनशे-अडीचशे. मार्लिन ३३६ सारखी लिव्हर अ‍ॅक्शन घेतली तर लक्षात ठेव, तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या कॅपला टेकतं, धक्क्यानं ते आतच उडू शकतं, म्हणून टोकदार कडक गोळी त्यात भरायची नाही, चपट्या तोंडाची किंवा मुद्दाम मऊ रबरी टोकाची बनवलेलीच. .३५ रेमिंग्टनच्या मार्लिनची धक्का द्यायची ताकद .३०८ इतकीच किंवा कमी असते, हा तिचा प्लस. अडचण एकच, .३५ ची काडतुसं छोट्या गावातल्या दुकानात मिळतीलच असं नाही, .३०८ आणि .३०-०६ मात्र शेंगदाण्यासारखी मिळतात.

राज्य बदललं तर नियम पण बदलतात. ओहायोत हरणाला बाटलीसारखी मान असलेलं काडतूसच चालत नाही, सरळ भिंतीच्या केसचंच लागतं, म्हणून तिकडं .३५० लेजंड, २०१९ चं, लोकांनी उचललं, धक्का कमी आणि हरणाला पुरेसं. घेण्याआधी त्या राज्याचं नियमांचं पुस्तक वाच, आणि मग पैसे मोज.

गोळी कोणती? मिलिटरीची पूर्ण पत्रा चढवलेली नाही, ती फुलत नाही, आरपार जाते आणि हरीण दोन मैलांवर जाऊन तडफडतं, बऱ्याच राज्यांत मनाईही आहे. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हंजे टोकाला मऊ शिसं उघडं असलेली, पुरते. तांब्याची संपूर्ण गोळी महाग पण मांसात शिसं जात नाही, घरात लहान पोरं खाणार असतील तर तीच घे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. आणि खोक्यावरचं नाव, केसच्या बुडावर कोरलेलं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव, तिन्ही एक आहेत का हे प्रत्येक वेळी बघ, एकाच खिशात दोन जातीची काडतुसं कधीच ठेवायची नाही.

स्कोप ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) पुरतो, आणि डोळ्यापासून निदान साडेतीन इंच लांब ठेव, नाहीतर भुवई फुटते. झिरो, म्हंजे स्कोपची खूण आणि गोळी जुळवणं, कसं करायचं, तर .३०८ मध्ये १५० ग्रेन घेऊन शंभर यार्डावर गोळ्या मध्याच्या दोन इंच वर पाड, दोनशेला बरोबर मध्यावर येतात, तीनशेला आठेक इंच खाली. हरणाच्या पुढच्या पायामागचा जीवघेणा भाग आठ इंचांचा, म्हंजे जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा. बसून, आधाराला काहीही टेकवून, पाचपैकी पाच त्या ताटलीत ज्या अंतरावर पडतात तेच तुझं अंतर. पहिल्या वर्षी ते शंभरच असेल, असू दे.

भाच्याने शेवटी .३०८ घेतली, बोल्ट अ‍ॅक्शन, छोटा दस्ता. परवा टार्गेटचा फोटो पाठवला, तीन गोळ्या एकत्र, बाकी दोन कुठल्या कुठं, आणि खाली लिहिलंय, मामा माझा हात बिघडला का. मी म्हटलं हाताचं नंतर, आधी स्कोपच्या रिंगचे स्क्रू बघ. दहा मिनिटांनी उत्तर आलं, पुढचा अर्धा फिरला.