क्रूझवर भेटायचंय? मग 'चढल्यावर ठरवू' म्हणू नका

'चढल्यावर ठरवू' हे वाक्य गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर निदान दहा जणांनी लिहिलं. त्या दहांत मीही. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, अशी चार रात्रींची क्रूझ. निघायच्या तीन महिने आधीपासून सहा मराठी कुटुंबं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना धरून होतो. एक नाशिकचं, एक कोल्हापूरचं, दोन पुण्याची, एक मेलबर्नचं आणि आम्ही डोंबिवलीचे. अंताक्षरीच्या बाजू पडल्या होत्या, पत्त्यांचा कॅट कोण आणणार तेही ठरलं होतं. मग जहाजाने धक्का सोडला, फोनची रेंज गेली आणि ग्रुप मेला. 'आम्ही लिफ्टजवळ उभे आहोत, तुम्ही कुठे?' हा माझा मेसेज एका टिकवर लटकला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पेनांगला रेंज आली तेव्हा एकदम एक्केचाळीस मेसेज आदळले, सगळे आदल्या रात्रीचे, आणि सगळ्यांत एकच प्रश्न: कुठे आहात?

तिथेही शहाणपण सुचलं नाहीच. 'रात्री जेवताना भेटू' असं ठरवून मोकळे झालो. जेवताना म्हणजे कुठे? मुख्य डायनिंग हॉल दोन मजली, त्यात पंगती दोन, वर बुफे वेगळा. शेवटी सगळं संपल्यावर, पाचव्या दिवशी सकाळी उतरायच्या रांगेत, मागून 'बॅगा कुठं ठेवल्या म्हणायच्या?' असा आवाज आला आणि तो आवाज मला व्हॉइस नोटमधला वाटला. कोल्हापूरच्या ताई. भेटलो, फोटो काढला, आणि त्या टॅक्सीत बसून गेल्या.

आता पुन्हा जायचं ठरतंय, म्हणून ही तयारी लिहून काढते आहे. पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधं हे मी सांगायची गरज नाही.

सगळ्यात आधी ग्रुप शोधा, पण बरोबर तारखेचा. एकच जहाज दर आठवड्याला दोन-दोन फेऱ्या मारतं आणि फेसबुकवर जहाजाच्या नावाने शोधलं की सगळ्या फेऱ्यांची माणसं एका ठिकाणी कालवलेली असतात. जहाजाचं नाव आणि निघण्याची तारीख, दोन्ही जुळली पाहिजेत. आमच्याकडे एक गृहस्थ पंधरा दिवस उत्साहाने गप्पा मारत होते, मग कळलं की त्यांची फेरी आमच्या आधीची. परदेशी मंडळी याला रोल कॉल म्हणतात, त्यांचे ग्रुप वर्षभर आधी सुरू होतात. आपले लोक तिकीट काढल्यावर जागे होतात, त्यामुळे दोन-तीन महिने आधी शोधलं तरी चालतं. काही कंपन्या अशा ग्रुपसाठी जहाजावर भेटीचा छोटा कार्यक्रमही ठेवतात, पण त्याची नोंदणी आधी करावी लागते. विचारून बघा.

मोठ्या ग्रुपमध्ये फार रमू नका. दोन-तीनशे माणसं, त्यात एजंट, त्यात 'स्वस्तात टूर' विकणारे. आपल्याशी जमतील अशी चार-पाच कुटुंबं निवडा आणि वेगळा छोटा ग्रुप करा. त्यात गुड मॉर्निंगची फुलं टाकायला पहिल्याच दिवशी बंदी घाला, कोणी रागावलं तर रागावू दे. आमच्या ग्रुपवर निघायच्या आठवड्यात एकाने 'पाचव्या डेकवर भेटूया का?' असं विचारलंही होतं. त्याच्यावर अकरा सुविचार आणि एक आषाढीचा व्हिडिओ येऊन पडला. कोणी वाचलंच नाही.

आणि चेहऱ्याचे फोटो मागा. हे विचित्र वाटतं, पण आपल्या लोकांचे डीपी बघा जरा: गणपती, विठ्ठल, गुलाब, नातवाचे पाय. मी मोगऱ्याच्या डीपीवाल्या काकूंना चार हजार माणसांत कशी ओळखणार होते? त्या म्हणे बुफेत माझ्या शेजारून गेल्याही असतील. एकेका कुटुंबाने एक साधा एकत्र फोटो टाकायचा, नावांसकट. लग्नातला नको, आत्ताचा.

काय टाकायचं नाही, तेही सांगते. बुकिंग नंबर टाकायचा नाही. बॅगेला लावायच्या टॅगचा किंवा बोर्डिंग पासचा फोटो 'निघालो!' म्हणून टाकायचा नाही. बुकिंग नंबर आणि आडनाव हाती लागलं की कोणीही तुमच्या बुकिंगमध्ये डोकावू शकतं, टूर रद्द करू शकतं. केबिन नंबर मोठ्या ग्रुपवर लिहायचा नाही. आणि फेसबुकच्या उघड्या भिंतीवर 'चौदा ते अठरा आम्ही सगळे समुद्रात' असं जाहीर करणं म्हणजे घराला लावलेल्या कुलपाची चावी चोराला देण्यासारखं आहे. आमच्या सासूबाईंनी ते तिन्ही भाच्यांना टॅग करून लिहिलं होतं. काढायला लावलं तेव्हा दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. जागा आणि वेळ. जमिनीवर असतानाच ठरवा. रेंज असताना, घरच्या सोफ्यावर बसून ठरवा. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या साइटवर असतो, तो सगळ्यांनी एकत्र उघडा आणि एक जागा बोट ठेवून ठरवा. 'लिफ्टजवळ' ही जागा नव्हे, लिफ्टचे दोन-तीन गट असतात, एक पुढे, एक मागे. 'पूलजवळ' हीसुद्धा जागा नव्हे. 'कॅफेत' म्हणाल तर कॅफे एकापेक्षा जास्त असतात आणि मी चुकीच्या कॅफेत पाऊण तास बसून तीन चहा प्यायले आहे. जागा अशी हवी: अमुक डेक, जहाजाचा पुढचा की मागचा भाग, समुद्राकडे तोंड केल्यावर कुठलं दुकान पाठीशी येतं. एवढं बारीक. हसू येईल, येऊ दे.

वेळ पहिल्या संध्याकाळची ठरवताना एक लक्षात ठेवा. निघण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडालं तेव्हा त्यावर नव्यानेच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाले. ती टळत नाही. मग जहाज सुटताना सगळे वरच्या डेकवर फोटो काढत असतात, मग बॅगा केबिनपाशी आल्या का बघायला धावतात. म्हणून जहाज सुटल्यावर दीड-दोन तासांनीच भेट ठेवा. आणि एकच भेट ठेवू नका! पहिल्या संध्याकाळी कोणाचं पोट बिघडतं, कोणाचं मूल झोपतं. रोज संध्याकाळी अमुक वाजता आपण तिथेच असणार, येईल तो येईल, असं ठरवा. एक भेट चुकली तर दुसरी असते. आमच्याकडे पहिलीच नव्हती, दुसरी कुठून असणार?

'पण आम्ही इंटरनेट पॅकेज घेणार आहोत' असं म्हणाल. घ्या. बाकीचे पाच जण घेणार आहेत का? दिवसाचे पैसे बघून निम्मे लोक घेत नाहीत आणि ते वाजवीच आहे. नेहमीचं ई-सिम भर समुद्रात चालत नाही. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते चुकून पकडलं तर बिल बघून डोळे पांढरे होतील. म्हणून धक्का सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू ठेवा. जहाजाच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक ठिकाणी आपसात मेसेज पाठवायची सोय असते, काही कंपन्या ती फुकट देतात, काही पैसे घेतात. अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून, लॉगिन करून ठेवायचं, कारण चढल्यावर ते उतरवून घ्यायलाच इंटरनेट लागतं.

आणि केबिनमधला फोन! तो पांढरा, वायरचा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो. बहुतेक जहाजांवर एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये फोन फुकट लागतो. आमच्या केबिनमध्ये तो चार दिवस पलंगाशेजारी होता, त्यावर ह्यांनी टॉवेल वाळत घातला होता. केबिन नंबर असते तर एका मिनिटाचं काम होतं. म्हणून मोठ्या ग्रुपवर नाही, पण त्या चार-पाच कुटुंबांत एकेकाला खासगीत केबिन नंबर द्या आणि घ्या. काहींनी स्वस्त पडतं म्हणून केबिन कंपनीच्या मर्जीवर सोडलेली असते, त्यांना नंबर अगदी शेवटी कळतो. त्यांच्यासाठी तरी जागा आणि वेळच ठरलेली हवी. कागदावर. परत सांगते, कागदावर.

खाण्याचं नियोजन ग्रुपवर सगळ्यांत जोरात होतं आणि सगळ्यांत जास्त वाया जातं. 'तुम्ही चकल्या आणा, आम्ही लाडू' वगैरे. घरी केलेलं खायचं सामान बहुतेक जहाजांवर चालत नाही, कारखान्यात बंद केलेली पाकिटं सहसा चालतात. चिवडा न्यायचा तर दुकानातला, सीलबंद. चहाची विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड हे कोणी 'मी आणते' म्हटलं तर तिला तिथेच थांबवा, काढून घेतात. शाकाहारी, जैन, उपवासाचं जे काही असेल ते ज्याने त्याने कंपनीला आधी कळवायचं, ग्रुपला नव्हे. एकत्र जेवायचं असेल तर बुकिंग एकमेकांना जोडून घेण्याची विनंती करता येते, म्हणजे टेबल जवळ मिळू शकतं. हे जायच्या आधीच करायचं.

बंदरावरची गाडी मिळून करणं, हा ग्रुपचा खरा फायदा. पेनांगला जहाज जॉर्जटाउनलाच लागतं. जुन्या वस्तीत (2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे) पायी फिरता येतं, पण केक लोक सी मंदिर आणि पेनांग हिल करायचं तर गाडी हवी, आणि बारा जणांत व्हॅन फार स्वस्त पडते. अट एवढीच की पैशांचं आधी स्पष्ट व्हावं: एक कुटुंब गळलं तर उरलेल्यांवर किती पडणार? अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम पाठवू नका. आणि जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या व्हॅनसाठी थांबणार नाही. तासभर हाताशी ठेवा.

फुकेतला जरा डोकं शांत ठेवा. तिथे मोठी जहाजं बऱ्याचदा पाटोंग बीचसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. बोटीचे नंबर वाटतात, त्यामुळे 'किनाऱ्यावर भेटू' म्हटलं तर एक कुटुंब नऊला उतरतं आणि दुसरं साडेदहाला. आधी जहाजावर ठरलेल्या जागी जमा, मग नंबर एकत्र घ्या. दुसरं म्हणजे घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमच्या जहाजाने सिंगापूरचीच वेळ ठेवली होती, पण किनाऱ्यावर फोन आपोआप थाई वेळ दाखवायला लागतो. फोनवर चार म्हणजे जहाजावर पाच. पुण्याचे एक काका याच घोळात शेवटच्या बोटीत धापा टाकत चढले, असं नंतर ग्रुपवर वाचलं. नंतर, अर्थात, सगळं नंतरच वाचलं. साधं मनगटी घड्याळ लावा आणि ग्रुपवर वेळ लिहिताना पुढे 'जहाजाची वेळ' असं लिहा.

शेवटच्या आठवड्यात फार काही नाही. जागा-वेळेचा मेसेज ग्रुपवर पिन करा, त्याचा स्क्रीनशॉट काढा, प्रत्येकाकडून 'वाचलं' असं लिहून घ्या. नुसता अंगठा चालणार नाही, आपल्याकडे अंगठा न वाचताही देतात. केबिनचं दार बहुधा लोखंडी असतं, त्यावर चुंबक चिकटतो, तेव्हा चुंबकवालं छोटं तोरण न्या. लांब कॉरिडॉरमध्ये सगळी दारं सारखी असतात, तोरण लांबून दिसतं आणि चिठ्ठी अडकवायलाही बरं पडतं.

निघायच्या दिवशी: सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, भरलं का बघा (पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत), अ‍ॅप उघडतंय ना बघा, टर्मिनलवर रेंज असतानाच कोण पोचलं, कोण नाही ते विचारून घ्या. तिथे भेटलात तर उत्तमच, पण तेवढ्यावर विसंबू नका, रांगा वेगवेगळ्या वेळांच्या असतात. कोणी 'चढल्यावर ठरवू' लिहिलंच तर त्याला फोन करा. मेसेज नाही, फोन.

आणि तो कागद. डेक, जागा, वेळ, केबिन नंबर, नावं. दोन प्रती: एक माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या शर्टाच्या खिशात, कारण पर्स मी केबिनमध्ये विसरते.