मिकी ताकेओ यांच्या कारकिर्दीवर व्याख्यान कसे बांधावे

कोल्हापुरात एखाद्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत किंवा महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळात जपानचे माजी पंतप्रधान मिकी ताकेओ यांच्यावर तासभर बोलायचे असेल, तर सुरुवात जन्मतारखेने करू नये. ती जुलै १९७२ मधील सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून करावी; या पक्षाचा अध्यक्षच तेव्हा पंतप्रधान होत असे. पहिल्या फेरीत तनाका काकुएई यांना १५६, फुकुदा ताकेओ यांना १५०, ओहिरा मासायोशी यांना १०१ आणि मिकी यांना अवघी ६९ मते पडली. हे चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि चौथ्या क्रमांकाचा हा उमेदवार अडीच वर्षांच्या आत पंतप्रधान कसा झाला, हा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावा. पक्षांतर्गत गट म्हणजे काय, हे समजावण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. दूध संघापासून साखर कारखान्यापर्यंतच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या श्रोत्यांना ते वक्त्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

त्यानंतर मागे जावे. मिकी यांचा जन्म १९०७ मध्ये शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतातला. १९३७ मध्ये ते प्रथम निवडून आले आणि १९८८ मध्ये निधन होईपर्यंत खासदार राहिले. या ५१ वर्षांची जंत्री वाचून दाखवू नये, मात्र १९४२ ची निवडणूक सांगावीच. युद्धकाळातील त्या निवडणुकीत सरकारपुरस्कृत यादीतील ३८१ उमेदवार विजयी झाले, तर यादीबाहेरचे केवळ ८५. मिकी त्या ८५ जणांपैकी एक होते.

युद्धानंतर ते राष्ट्रीय सहकारी पक्षाचे नेते झाले आणि १९४७ मध्ये समाजवादी पंतप्रधान कातायामा तेत्सू यांच्या आघाडी सरकारात दळणवळण मंत्री म्हणून गेले. पक्षाच्या नावात सहकार आहे म्हणून त्याची सांगड आपल्या सहकारी चळवळीशी घालण्याचा मोह कोल्हापुरात हमखास होतो, तो आवरावा. भांडवलदार आणि समाजवादी यांच्यामधली वाट शोधणारा तो एक छोटा राजकीय पक्ष होता, एवढे सांगून पुढे जावे.

व्याख्यानाचा निम्मा वेळ १९७४ ते १९७६ या काळासाठी राखावा. १९७२ ची ती निवडणूक जिंकून पंतप्रधान झालेल्या तनाका यांचे आर्थिक व्यवहार एका मासिकाने चव्हाट्यावर आणल्यावर ते पायउतार झाले. फुकुदा आणि ओहिरा यांच्यात उघड लढत झाली असती तर पक्ष फुटण्याची भीती होती, म्हणून उपाध्यक्ष शिइना एत्सुसाबुरो यांनी १ डिसेंबर १९७४ रोजी लवाद या नात्याने मिकी यांचे नाव पुढे केले. थोडक्यात, स्वच्छ प्रतिमेइतकाच कोणालाही डोईजड न होणारा त्यांचा लहान गटही त्यांच्या कामी आला; हे स्पष्ट बोलावे, अन्यथा व्याख्यानाचे चरित्रगान होते. पुढच्याच वर्षी राजकीय देणग्यांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याला वरिष्ठ सभागृहात ११७ विरुद्ध ११७ अशी समसमान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो मंजूर झाला. हा प्रसंग सावकाश सांगावा, कारण मिकी यांची सत्ता किती बारीक धाग्यावर होती हे त्यातून दिसते.

लॉकहीड प्रकरण सांगताना घटनाक्रम बिघडू देऊ नये. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीने जपानमध्ये विमाने विकण्यासाठी लाच दिल्याची माहिती उघड झाली. मिकी यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्र लिहून कागदपत्रे मागितली. २७ जुलैला तनाका यांना अटक झाली. मिकी यांना हटवण्याची स्वपक्षीयांची मोहीम अटकेपूर्वीच सुरू होती, अटकेनंतर तिला धार चढली. तरीही ते हटले नाहीत. डिसेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहाची मुदत संपत आल्याने झालेल्या निवडणुकीत पक्षाला ५११ पैकी २४९ जागा मिळाल्या, बहुमत गेले आणि मिकी यांनी पद सोडले.

प्रश्नोत्तरांत यासुकुनी मंदिराचा, म्हणजे जपानच्या युद्धमृतांच्या वादग्रस्त स्मृतिस्थळाचा, विषय निघाला तर टाळू नये. १५ ऑगस्ट रोजी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीच्या स्मृतिदिनी, तेथे जाणारे पहिले पंतप्रधान मिकीच होते. १९७५ ची ती भेट आपण खाजगी नात्याने दिली, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांना मवाळ का म्हणायचे, असे कोणी विचारल्यास नोव्हेंबर १९७६ मधील मंत्रिमंडळाचा निर्णय सांगावा: संरक्षणखर्च सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या १ टक्क्याच्या आत ठेवण्याचे धोरण त्यांच्याच सरकारने ठरवले होते.